सूर्यावर सतरंजी

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर मारुतीरावांनी कारखान्याच्या स्लॅबवर सूर्य आणून बसवला. मारुतीराव म्हणजे कारखान्याचे मालक आणि माझेही. नाव घेतलं, ह्या वयात आता उखाणा कोण मागत नाही.

कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नका. वडगावात मागांच्या खडखडाटात आमची एक लांबडी पत्र्याची शेड, तिला लागून स्लॅबची खोली आणि खोलीत तांब्याची मोठी डेग. डेगीत पाणी तापवायचं, रंग कालवायचा, सुताच्या लडी बुडवून पिळायच्या आणि बाहेर बांबूवर वाळत घालायच्या. आसपासच्या विणकरांच्या साड्यांचं सूत आमच्याकडं रंगायचं. करंट गेला की त्यांचे माग गप्प व्हायचे. आम्ही चालूच, कारण आमचं सगळं लाकडावर आणि गुणाक्कावर.

गुणाबाई तिचं नाव, पण गल्लीत सगळे गुणाक्काच म्हणायचे. वीस-बावीस वर्षं ती डेगीखाली जाळ घालत होती. पहाटे पाचला यायची, खानापूरहून आलेली लाकडं रचायची, आणि आठ वाजता शामू रंगारी आला की पाणी तयार असायचं. पाण्याची ऊब मोजायला थर्मामीटर होता, तो खिळ्याला टांगलेला. गुणाक्का वाफेवर तळहात धरायची आणि सांगायची, घाल. शामू रंग घालायचा. एकदाच ती भाच्याच्या लग्नाला गेली आणि त्या दिवशीचं लाल सूत गाजरासारखं निघालं.

जाळाजवळ बसून तिचा खोकला वाढत चालला होता. खोकला आला की ती भिंतीला हात टेकून उभी राहायची, आणि आमचे हे शेडच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी शोधत असल्यासारखं करायचे. त्याच सुमारास ह्यांना बेंगळूरचं एक माहितीपत्रक मिळालं. काचेच्या पेट्या, आत काळा पत्रा, त्यावर तांब्याच्या नळ्या. उन्हानं नळ्यांतलं पाणी तापतं आणि टाकीत येऊन बसतं. लाकूड नाही, धूर नाही. हे तो कागद घेऊन आठवडाभर घरात फिरत होते. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाले, जमाना बदलतोय. मग तेच म्हणाले, ‘तिचा खोकला बघवत नाही. पण तिला सांगू नकोस. उपकार केल्यासारखं वाटेल.’

तर सहा पेट्या आल्या. बसवायला आलेले साहेब कन्नडमध्ये समजावून गेले, शामूनं ते मराठीत सगळ्यांना समजावलं आणि दोन्ही वेळा आम्हाला सारखंच कळलं. पण पाणी तापलं. उन्हाळ्यात तर इतकं तापलं की त्यात गार पाणी मिसळावं लागलं. गुणाक्का पाचला यायची, थंड चुलीजवळ बसायची आणि आठ वाजता निमूटपणे लडी मोजायला लागायची.

मग आमच्या बेळगावचा पाऊस आला. चार महिने सूर्य रजेवर. गुणाक्कानं पदर खोचला आणि लाकडं रचली. त्या चार महिन्यांत ती जितकी खूश होती तितकीच खोकली.

गणपती गेल्यावर ऊन पडलं आणि ह्यांनी ठरवून टाकलं. दसऱ्यापासून गुणाक्कानं यायचं नाही. पुढच्या पावसाळ्यात जाळापाशी शामू उभा राहील. तिचा मुलगा रवळू कंग्राळीला असतो, घर आहे, शेत आहे, तिनं तिथं निवांत बसावं. सांगायचं काम मात्र माझ्या गळ्यात आलं. हे असले निरोप नवरे कधी स्वतः सांगत नाहीत.

मी तिला चहा दिला आणि गोड करून सांगितलं. ती म्हणाली, बरं. सुनेच्या चुलीपुढं बसून तिथं काय करायचं, एवढंच तिनं विचारलं, तेही मला नाही, कपबशीला. कारखाना सुटला तर ही बाई वाळलेल्या लडीसारखी होऊन जाईल हे मला दिसत होतं. पण ह्यांच्या मनातलं तिला सांगायला बंदी, आणि तिच्या मनातलं ह्यांना सांगितलं तर म्हणणार, तुला काय कळतं.

दुसऱ्या दिवशीही ती पाचलाच आली. त्या आठवड्यात ह्यांच्या लक्षात आलं की पाणी आता अकराऐवजी दहालाच तयार होतंय. यंत्र आता रुळलं, असं ते चार लोकांत सांगायला लागले. मी पहाटे शेडला लागून असलेल्या आमच्या अंगणात सडा घालायला निघाले तेव्हा मला ते रुळलेलं यंत्र दिसलं. मोडक्या बांबूच्या शिडीवरून गुणाक्का वर चढत होती, खांद्यावर ओलं फडकं. मागांतून उडणारा सुताचा बारीक भुगा आणि शेजारच्या धुराड्याची काजळी काचांवर बसायची. ती ते रोज पुसत होती. मी कुणाला बोलले नाही. सगळंच आपण बोलायचं तर घरात बाकीच्यांना काम काय राहणार.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं सतरंज्या मागायला आली. असतील तेवढ्या द्या म्हणाली. मी पाच कांबळी दिली आणि माझ्या रुखवतातली दुरंगी सतरंजी दिली. कशाला, ते विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे कळलं नाही असं मात्र समजू नका.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. डेग, ढवळायची काठी, तराजू, हातोडी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. एकदा पूजा झाली की त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही. डेगीपुढचा नारळ जाळ घालणाऱ्याच्या हातून फुटायचा, तो मान गुणाक्काचा. त्या वर्षीही तिनंच फोडला. आता हिचा शेवटचा, असं शेडमधल्या सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं, म्हणून खोबरं कुणी मन लावून खाल्लं नाही.

पण दिवाळीच्या सुताची घाई होती, आणि ह्यांच्या डोक्यात एक हिशेब शिजत होता. डेग पूजेत आहे, मान्य. पण वरच्या टाकीत पाणी आपोआप तापतंय, जाळ कुणी घातलेला नाही. ते पाणी नळानं पिंपात घ्यायचं आणि एक खेप सूत रंगवून काढायचं. ह्यात कुठलं हत्यार राबलं? शामूनं डोकं खाजवलं. त्याला सुट्टी हवी होती.

अकरा वाजता ह्यांनी नळ सोडला. पाणी विहिरीसारखं गार. ऊन तर डोळे दिपवत होतं. हे तावातावानं शिडी चढले, मागून शामू, आणि मीही कासोटा सावरत वर गेले, कारण वर माझी सतरंजी होती.

सहाही पेट्या झाकलेल्या. कांबळ्यांच्या कडा सुतानं नीट बांधलेल्या, प्रत्येक पेटीच्या चौकटीला कुंकवाचं बोट आणि एकेक झेंडू. सहाव्या पेटीवर माझी सतरंजी, आणि मधोमध गुणाक्का पेट्यांची राखण करत बसलेली.

‘हे कुणाचं काम?’ ह्यांनी विचारलं.

‘माझं. हत्यार हाय न्हवं ते? मग आज त्यालाबी बसू दे.’

‘अगं, ते कुठं राबतंय? ऊन पडतं, पाणी तापतं.’

‘राबतंय की. रोज काजळी खातंय. पुसल्याबिगर दहाला पाणी देत न्हाय ते, अकरा वाजवतंय.’

रुळलेल्या यंत्राबद्दल चार लोकांत काय काय बोललो ते ह्यांना आठवत असावं. वाकून त्यांनी एका कांबळ्याचा कोपरा उचलला. काच आरशासारखी होती. तोंड तसंच खाली ठेवून म्हणाले, ‘तू पुसतेस?’

‘मग काय शामू पुसतोय?’

शामूनं दुसरीकडं बघितलं.

आता मला राहवलं नाही. ह्यांची बंदी मी मोडली आणि गुणाक्काला सांगून टाकलं की हे सगळं तुझ्या खोकल्यापायी आणलंय, तुला घालवायला नाही. हे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या धोतराची गाठच सोडली. गुणाक्काला मात्र काहीच नवल वाटलं नाही.

‘मला ठावं हाय,’ ती म्हणाली. ‘खोकला माझा, मला ठावं नसंल? धूर गेला, लई बरं झालं अण्णा. पण धूर जाऊ दे की. मी कशाला जाऊ?’

वरून वडगावची कौलं दिसत होती, माग सगळे बंद, इतकं शांत की कुणाच्या तरी घरातलं कढईत पुरण ढवळणं ऐकू येत होतं. हे म्हणाले, ‘ही झाकणं उद्या कोण काढणार?’

‘मीच. पूजा माझ्या हातची, दुसऱ्यानं सोडायची न्हाय.’

‘मग ये उद्या.’

‘आणि परवा?’

‘परवा काजळी बसणार नाही काय?’ हे चिडून म्हणाले आणि खाली उतरायला लागले. उतरताना शिडी अशी हलली की त्यांनी भिंत धरली. खाली येऊन ते शिडीकडं बघत उभे राहिले. मी जेवायला हाक मारली तरी हलेनात. मग घरातून काथ्याचा दोर आणला आणि शिडीच्या बाजूला, हाताला येईल असा, वरपासून खालपर्यंत बांधत बसले. खिळा ठोकला असता तर लवकर झालं असतं, पण हातोडी पूजेत होती. तासभर गेला. पुरणपोळ्या गार झाल्या. शामूनं मदतीला हात पुढं केला तर त्याला म्हणाले, आज सुट्टी आहे, घरी जा.

दसऱ्याच्या पहाटे गुणाक्का पाचला आली. नवा दोर तिनं एकदा बघितला, ओढून बघितला, आणि चढताना तो न धरता रोजच्यासारखी वर गेली.

उतरताना मात्र धरला.