कमलनगरच्या वाचकांविषयी माझे मत

मी 'तळघरातला पाहुणा' बोलतोय. गुप्तहेर भार्गव मालिकेतलं एकसष्टावं पुष्प. पुष्प हा शब्द माझ्या प्रकाशकाचा. त्या माणसानं आयुष्यात फूल हुंगलं नसावं.

माझ्या मुखपृष्ठावर पिस्तूल रोखलेली एक बाई आहे. आत मात्र कुठल्याच बाईच्या हाती पिस्तूल येत नाही. पिवळट कागदावर मला घाईघाईनं छापलं, उदगीरच्या एका दुकानात दोरीवर टांगलं, आणि चौऱ्याहत्तर साली मी सीमेपलीकडं कमलनगरच्या मराठी वाचनालयात येऊन पडलो. मैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्याला वर्षही झालं नव्हतं. वाचनालय म्हणजे बाजारातली एक खोली, दोन बाकं आणि एक लाकडी कपाट. संध्याकाळी तिथं लोक जमायचे. वाचायला कमी, मत द्यायला जास्त.

सगळ्यात मोठं मत उद्धवरावांचं. त्यांची आडत होती, वाचनालयाची कमिटीही त्यांच्याच खिशात. ते मला नेहमी मागून उघडायचे. शेवटची चार पानं वाचायची, खुनी कोण ते बघायचं आणि मग पहिल्या पानाकडं यायचं. दुसऱ्या दिवशी बाकावर मांडी घालून म्हणायचे, "मला तर तिसऱ्या पानावरच कळालतं बगा. नोकरच हाय म्हनलं. नोकराबिगर कोन करतंय?"

बाकीचे माना हलवायचे. स्टेशनवरचे विरुपाक्ष बाबू म्हणायचे, "आधीची पुस्तकं लई झकास होती. आता भार्गव म्हातारा झालाय." पहिल्या पुस्तकापासून ते हेच म्हणत आलेत, असं कपाटातली जुनी पुस्तकं मला सांगायची.

राघोबा मास्तरांची तऱ्हा आणखी वेगळी. ते शाळेत मराठी शिकवायचे. मला ते दोन बोटांनी उचलायचे, मेलेला उंदीर उचलावा तसं. "ह्याला वाङ्मय म्हणत नाहीत, उद्धवराव. गावाची अभिरुची नासायलीय." त्यांनी मालिकेतलं एकही पुस्तक कधी आपल्या नावावर नेलं नाही. पण माझ्या नवव्या प्रकरणावर त्यांच्या तपकिरीचे डाग आहेत. वाचनालयात कुणी नसलं की मास्तर एखाद्या जाड चरित्रग्रंथात मला घालून वाचत बसायचे.

आम्हा पुस्तकांची राखण माणिकराव करायचे. खोली झाडायची, कपाट उघडायचं, पुस्तकं द्यायची घ्यायची. त्यांच्या हातचं पाणी बाकावरचं कुणी प्यायचं नाही. त्यांच्या हातचं पुस्तक मात्र सगळ्यांना चालायचं. त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. बायको सुमनबाई सातवी शिकलेली. धम्म घेतल्यावर तिच्या वडिलांनी पहिलं काम केलं ते पोरीला शाळेत घालण्याचं. बाया वाचनालयात बसत नसत, म्हणून माणिकराव रोज नोंद करून एक पुस्तक तिच्यासाठी घरी न्यायचे.

एके दिवशी मालिकेतलं नवं पुस्तक आलं, 'सर्कशीतला खून'. उदगीरहून एकच प्रत आली होती. उद्धवरावांनी जाहीर केलं की संध्याकाळी आपणच ती पहिल्यांदा नेणार. माणिकरावांनी पाठीवर नंबर चिकटवून तिला माझ्या शेजारी उभं केलं आणि ते सड्याचं पाणी आणायला घागर घेऊन गेले. तेवढ्यात राघोबा मास्तर आले. त्यांनी दाराकडं पाहिलं, नवं पुस्तक काढलं, कोटाखाली घातलं आणि चालू लागले. मी सगळं पाहिलं. पण माझ्यात जे छापलंय तेवढंच मला बोलता येतं.

संध्याकाळी मी सुमनबाईसाठी माणिकरावांच्या घरी गेलो. त्या रात्री कपाटात नवं पुस्तक न दिसल्यावर उद्धवराव काय काय बोलले असतील ते मला सकाळी कळलं. दारात उद्धवराव, त्यांच्या मागं विरुपाक्ष बाबू आणि राघोबा मास्तर. होय, मास्तरसुद्धा.

"चावी कुनापाशी? तुज्यापाशी. रोज पुस्तक घरी कोन नेतंय? तू. मंग आनखी काय पायजे?" उद्धवरावांनी भार्गवसारखे डोळे बारीक केले. भार्गवलाही ते कधी शोभले नाहीत.

"अण्णा, मी कामून चोरीन? मागितलं की मिळतंय की मला," माणिकराव म्हणाले.

ऐकतो कोण! उतरंड उतरवली. पेटीतली लुगडी बाहेर आली. मास्तरांनी वाकून अंथरूण झटकून पाहिलं. शेजारीपाजारी दारात गोळा झाले. उद्धवरावांना कोनाड्यात मी सापडलो. "हे बगा!" म्हणून त्यांनी मला उंच धरलं, मग माझं नाव वाचलं आणि मला जमिनीवर टाकलं.

काहीच मिळालं नाही. तरी माणिकरावांकडून चावी काढून घेतली. "इकलं असंल उदगीरला," असं ठरलं.

पुढचे चार-सहा दिवस माणिकराव घराबाहेर पडले नाहीत. सुमनबाईनं मला वाचून संपवलं. मग डोक्यावर पदर घेऊन ती मला परत द्यायला वाचनालयात आली. बाकावर सभा भरलेलीच होती. राघोबा मास्तरांना रंग चढला होता.

"लेखकाच्या डोक्यातलं तेल संपलंय," मास्तर म्हणत होते. "आता हेच बघा, सर्कशीतला विदूषक म्हणे खुनी! रंगाच्या डबीत विष! शाळेतलं पोरगं याच्यापेक्षा बरं लिहील."

"मला वाटलंच होतं, विदूषक," उद्धवराव म्हणाले. विरुपाक्ष बाबूंनी मान हलवली. गुप्तहेराच्या एकसष्ट कथा पचवलेली ही मंडळी! एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

सुमनबाई दारातच थांबली.

"मास्तर, त्या पुस्तकाची एकच प्रत आल्ती," ती म्हणाली. "ती हारपली म्हनून माझ्या घरातली उतरंड उतरवलाव तुमी. मंग तुमी ते कवा वाचलाव?"

मास्तर तपकिरीची डबी शोधू लागले. शेवटी उद्धवराव हसले. "मास्तर इसरले असतील नोंद करायला. शिकलेला मानूस, ध्यान कुटं असतंय! जा बाई, माणक्याला उद्यापासून ये म्हनावं."

"ते इसरले आन् आमी चोरलो व्हय?" तिनं मला टेबलावर ठेवलं. हळू ठेवलं, तेवढं मी कबूल करतो. "ते न्हाई येनार. झाडून घ्या तुमचं तुमी."

महिनाभरात ते दोघं बीदरला गेले. तिथं जवळच नौबादला माणिकरावांना काम मिळालं, असं बाजारात कुणीतरी म्हणालं. मास्तरांचा पुढं आदर्श शिक्षक म्हणून सत्कार झाला. उद्धवराव अजूनही सांगतात की विदूषकाचा संशय त्यांनाच पहिल्यांदा आला होता.

वाचनालय आता बंदच असतं. झाडायला कुणी टिकलं नाही. मला वाळवी लागली आहे आणि ती पहिल्या पानापासून शिस्तीत पुढं येतेय. तुमच्यापैकी कुणी पुस्तकप्रेमी माझी कीव येऊन मला उन्हात ठेवायला आलाच, तर हात जोडतो, परत जा. सुमनबाई आली तर गोष्ट वेगळी. पण ती येणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. वाळवी बरी आहे. खाते आणि गप्प बसते.