न विकलेल्या रेडिओचा भाव

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. जुना म्हणजे वयानं. वापरानं मी अगदी कोरा. कारखान्यात तपासणीच्या वेळी मी गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या होत्या, तेवढंच. त्यानंतर माझ्या पोटात कुणी सेल घातले नाहीत.

या विजेच्या सामानाच्या दुकानात आलो तेव्हा पुढच्या काचेत मला मानाची जागा होती. गिऱ्हाइकं थांबून बघायची, दुकानदारकाका फडक्यानं पुसून कौतुक सांगायचे. मग हाताहातांत मोबाइल आले आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. माझे भाऊबंद कारखान्यात परत गेले, मी एकटा राहिलो.

फक्त एक बाई दर महिन्याला माझ्यासाठी यायच्या. महागाई मोजणाऱ्या कचेरीत त्या नोकरीला होत्या. काका त्यांना भावताई म्हणत. मागच्या महिन्याशी तुलना करता यावी म्हणून ठरलेल्या दुकानात ठरलेल्या वस्तूचाच भाव विचारायचा, असा त्यांच्या कामाचा नियम.

“काका, रेडिओ?”

“आहे की, हा काय समोर. भाव तोच.”

भाव तोच असणार! घेणारंच कुणी नाही, तर काका वाढवणार कशाला? पण मला त्याचं काय? कुणीतरी माझी विचारपूस करतं, यातच मी खूश होतो. महिनाभर मी भावताईंची वाट बघायचो.

काकांची थोरली बहीण, अक्का, दुपारी दुकानात येऊन बसत. त्या निवृत्त नर्स. कचेरीनं मोजलेली महागाई जितकी वाढेल, तितकीच त्यांची पेन्शन वाढे. घरभाडं वाढलं, औषधं महागली, पेन्शन मात्र हलेना. अक्का रक्तदाबाची गोळी मोडून अर्धीच घेऊ लागल्या. स्वतः नर्स असून!

एकदा त्यांनी भावताईंना गाठलंच.

“महागाई वाढली नाही म्हणता, मग मला गोळी मोडून का खावी लागते गं?”

“अक्का, आम्ही सगळ्या वस्तूंची मिळून सरासरी काढतो. काहींचे भाव चढतात, काहींचे जागेवरच असतात. आता हा रेडिओच बघा.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. “अरे, असला रेडिओ तू शेवटचा विकलास कधी?”

काका डोकं खाजवू लागले. भावताईंनी जीभ चावली. इतक्या वर्षांत हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

भावताईंनी कचेरीत ही गोष्ट मांडली. माझ्यासारख्या बऱ्याच वस्तू मोजणीतून बाहेर गेल्या आणि लोक खरोखर घेतात त्या आल्या. पुढच्या वर्षी पेन्शन थोडी वाढली. पुरेशी नाही, कारण सरासरी सगळ्यांची असते आणि अक्कांच्या घरात खर्च जास्त औषधांचा. पण परवा त्यांनी इथंच बसून अख्खी गोळी घेतली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं. भावताई अजून येतात, पण आता शेजारच्या चार्जरचा भाव विचारतात. माझ्याकडे बघायचं त्यांना कारणच उरलेलं नाही.

मित्रांनो, वस्तूचा भाव विचाराल तेव्हा ती आता कोण घेतं, हेही विचारा. आणि जमलंच तर कधीतरी माझ्या पोटात दोन सेल घाला. मला अजून गाता येतं का, ते मलाच ठाऊक नाही.