गार कमंडलूतलं कढत तीर्थ

"पहाटे भरलेलं पंचगंगेचं गार पाणी! चूल नाही, निखारा नाही, केवळ तपोबल!" असं गरजत महाराजांनी तांब्याचा कमंडलू कलता केला, आणि दिवेलागणीला त्यातून वाफाळतं तीर्थ पडलं. मंडपात एकच जयघोष उठला.

खांबाशी उभी कालिंदी धुमसत होती. ह्याच मंडपात तिचे वडील आण्णा कीर्तन करत. अभंगाला टाळ धरतच ती वाढली होती. ह्या बुवानं कीर्तन बंद पाडलं, तेही तिनं गिळलं असतं. पण तीर्थाच्या रांगेत शेजारची चिमणाबाई होती, खांद्यावर तापानं फणफणलेली नात शालू.

"डॉक्टरांच्या गोळ्या दिल्यात ना?" कालिंदीनं तिला विचारलं.

"न्हाय बाई. महाराज म्हणालं, औषध आन् तीर्थ एका पोटात नांदत न्हाय. नदीत सोडल्या की."

"अहो, छाती भरलीय पोरीची!"

"तीर्थ कढत हाय न्हवं? शेक बसंल."

कालिंदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तेवढ्यात तिला दिसलं, महाराजांनी कमंडलू उघड्या तळव्यावर धरलाय. आत कढत पाणी, बाहेर तांबं, आणि हात भाजत नाही?

आण्णांच्या घशाला कीर्तनात कोमट पाणी लागे, म्हणून कीर्तन बंद पडण्याच्या थोडं आधीच तिनं थर्मास घेतला होता. दुकानदार अंबादासनं चार थर्मास मांडून सगळ्यांत उकळतं पाणी ओतलं होतं. "वरच्या रंगावर जाऊ नका, ताई. जरा थांबून बाहेरून हात लावा. ऊब लागली तर आतली काच बाद. गार लागेल तोच घ्या."

ती तडक चौरंगापाशी गेली आणि कमंडलूला हात लावला. गारढोण.

"महाराज, आत कढत, बाहेर गार. कसं काय?"

"बेटी, अग्नी आमच्या आज्ञेत आहे."

"मग देवापुढच्या ह्या तांब्यातलं पाणी तापवा." तिनं तांब्या पुढे केला.

"स्त्रीच्या हातचं आम्हांला वर्ज्य!"

"आन् सकाळी माझ्या बायकूच्या हातचा शिरा वरपलासा, त्यो?" मागून रांगेतला ज्ञानू ओरडला.

हशा पिकला. महाराज उठू लागले, तोच कालिंदीनं कमंडलू हिसकून पायरीवर आपटला. पाण्याबरोबर भुसा सांडला, आणि त्यात बसवलेल्या बाटलीची चकचकीत काच खळ्ळकन फुटली.

"थर्मास आहे हा! दुहेरी काच, मधली हवा काढलेली, म्हणून ऊब बाहेर पडत नाही. सकाळी ह्यानं कढतच भरलं. भरताना पाहिलं कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. महाराज मागच्या दारानं पसार झाले. तरी रांगेतला जोतीराम वाकून काचेचा तुकडा कपाळाला लावू लागला.

"टाका तो!" कालिंदी कडाडली. "देवाला हात जोडा, मीही जोडते. पण कुणी चमत्कार दाखवला की आधी विचारा, कसा केला? न विचारता मान डोलावलीत, आणि पोरीच्या तोंडचं औषध नदीत गेलं!"

चिमणाबाईनं पदरानं शालूचे ओले ओठ पुसले.

"बाई, डॉक्टर अजून असत्याल का वो दवाखान्यात?"

"नसले तर घरातून उठवू. चला."

रांग बाजूला झाली. दोघी पळत सुटल्या.