भिंतीवरचे दोन ठोके

आर्टिस प्रुएटच्या डाव्या करंगळीत गिटारीच्या तारेवरून फिरवायची बाटलीची मान नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते एका मंगळवारी, माझ्याच दुकानात. मी न्हावी आहे. उघडी डोकी बघायची मला सवय आहे. पण ती उघडी करंगळी बघून मी नजर वळवली. इतकी फिकट पडली होती, की तिच्यावर काहीतरी पांघरूण घालावंसं वाटलं.

"फुटली का रे बाटली?"

"काढून ठेवली. गिटार पलंगाखाली गेली."

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! व्हर्नेलला ऐकू येत नाही आता. अजिबात नाही. मग वाजवू कुणासाठी?"

"अरे, शनिवारी अख्खं गाव गुत्त्यात येतं तुला ऐकायला."

"गावाला काय कळतंय, हर्शेल? मी गिटारीवर शिंकलो तरी टाळ्या पडतील."

हे खरं होतं. एकदा तो शिंकला होता, आणि आम्ही वाजवल्या होत्या.

आर्टिसचं वाजवणं सांगायला सोपं आहे, करायला नाही. गिटारीला पडदे असतात, पण तारेवरून बाटली घसरवणाऱ्याला त्यांचा उपयोग शेताच्या बांधाइतकाच. दिसतो, पण अडवत नाही. कुठं थांबायचं ते कानानं ठरवायचं. आर्टिसची बाटली खालून निघायची, वाटेत कुणाकुणाची विचारपूस करत वर यायची, आणि मुक्कामाला पोचली की थंडी वाजल्यासारखी थरथरायची. गाताना ओळीतला शेवटचा शब्द तो कधी म्हणायचा नाही. "माझी बाई गेली निघून, घरात उरलं काय, तर" इतकं म्हणून तो तोंड मिटायचा आणि काय उरलं ते तार सांगायची. ज्याला त्याला वेगळं ऐकू यायचं. मला कायम 'भांडी' ऐकू यायचं, पण मी तेव्हा नुकता विधुर झालो होतो.

"कला कसली त्यात?" त्याची बायको व्हर्नेल म्हणायची. "त्यांना शब्द आठवत नाहीत."

त्याच्यात खोट एकच. रंगात आला की सूर केसभर चढायचा. केसभर म्हणजे किती, हे मला धंद्यामुळे नक्की ठाऊक आहे. तो घरी वाजवायचा तेव्हा व्हर्नेल मागच्या पायऱ्यांवर पत्र्याचं घमेलं मांडीवर घेऊन पावटे सोलत बसलेली असायची. मान वर न करता ती घमेल्यावर बोटाच्या पेरानं दोन ठोके मारायची. टक टक. आर्टिसची बाटली केसभर खाली यायची. असं एक्कावन्न वर्षं चाललं. भांडण झालेलं असलं तरी ठोके चुकायचे नाहीत, उलट जरा जोरात पडायचे.

गुत्त्यात मात्र ती कधी गेली नाही. ती चर्चमधली बाई. त्यामुळे शनिवारी रात्रभर आर्टिस चढाच वाजायचा आणि आम्ही तीच त्याची शैली समजायचो. एकदा उत्तरेकडून एक प्राध्यापक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आले. त्यांनी पुढे लिहिलं, की प्रुएट यांच्या त्या चढ्या सुरात तीनशे वर्षांचं दुःख साठलेलं आहे. व्हर्नेलनं ते दोनदा वाचलं आणि नीट घडी घालून ठेवून दिलं.

"दुःख कसलं? घाई आहे," ती म्हणाली. "भूक लागली की मिस्टर प्रुएट चढतात."

आता हे ठोके सुरू कसे झाले ते सांगायला हवं. व्हर्नेलचे वडील डीकन होझिया स्टोक्स, चर्चमधले मोठे मानकरी. त्यांनी आर्टिसला बजावलं होतं, "वाजवणाऱ्या माणसानं माझ्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही." आर्टिस आज्ञाधारक. त्यानं उंबरठा कधी ओलांडला नाही. भिंतीबद्दल डीकन काही बोलले नव्हते.

आमच्याकडे ज्या घरातला पोरगा वाजवायला शिकतो, त्या घरातला झाडू आधी मरतो. झाडूच्या मुठीला गुंडाळलेली तार सोडवायची, दोन खिळ्यांमध्ये फळीवर ठोकायची, दोन्ही टोकांशी तपकिरीच्या रिकाम्या बाटल्या तारेखाली दामटायच्या, की तार ताणून बसते. मग एका हातानं छेडायची आणि दुसऱ्या हातानं तिसरी बाटली तिच्यावरून फिरवायची. आर्टिसनं ही तार डीकनच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला ठोकली. दुपारी डीकन पुढच्या खोलीत बायबल उघडून डोळे मिटायचे, तेव्हा हा मागे वाजवायचा. घर लाकडाचं. सगळ्या फळ्या घुमायच्या. डीकनना वाटलं, भिंतीत गांधीलमाश्यांनी घर केलंय. ओळीनं तीन रविवार आम्ही सगळ्या मंडळींनी त्या गांधीलमाश्या जाव्यात म्हणून प्रार्थना केली. आर्टिसनंही केली.

आत व्हर्नेल भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि मधूनच पेरानं दोन ठोके मारायची. आर्टिसला वाटायचं, तिला आवडलं. ठोक्यांचा अर्थ 'चढतोयस' असा आहे हे त्याला लग्नानंतर कळलं. तेव्हा फार उशीर झाला होता.

तर अशा बाईचे कान गेले. ग्रीनव्हिलच्या डॉक्टरांनी एक यंत्र दिलं. आर्टिसनं बाटली फिरवली की ते कानातल्या कानात शिट्टी मारायचं. "तुमच्यापेक्षा चढा कुणीतरी सापडला म्हणायचा," असं म्हणून तिनं ते साखरेच्या डब्यात ठेवून दिलं. पुढे यंत्रानंही भागेना. त्यानंतर घमेलं गप्प झालं.

मी शहाणपणा करायला गेलो. गुत्त्यातला मोठा स्पीकर उचलून त्यांच्या अंगणात आणला. आवाज इतका ठेवला, की शेजारच्या कोंबड्यांनी चार दिवस अंडी दिली नाहीत. आर्टिस माझ्या आग्रहाखातर वाजवायला बसला. दुसऱ्याच ओळीला चढला. मला कळलं, त्याला कळलं, कोंबड्यांनाही कळलं असावं. त्यानं व्हर्नेलकडे पाहिलं. पायऱ्यांवर बसलेली व्हर्नेल त्याच्याकडे बघून हसली आणि तिनं मान डोलावली.

त्यानं गिटार खाली ठेवली.

"पाहिलंस?" तो मला म्हणाला. "एक्कावन्न वर्षांत ही बाई माझ्याकडे बघून अशी हसली नव्हती. पाहुण्यांकडे बघून हसतात तसं हसली रे ती."

मी स्पीकर उचलला.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे मासे पोचवायला गेलो. आर्टिस घरी नव्हता. माझा जुना ट्रक खडखडत मागच्या भिंतीशी आणून उभा केला. दार वाजवण्याचा प्रश्नच नव्हता, तरी सवयीनं हात वर केला, तेवढ्यात आतून आवाज आला, "ये रे हर्शेल! आणि त्या ट्रकला आता डॉक्टरकडे ने!" ऐकू येत नसल्यामुळे ती हल्ली अख्ख्या गल्लीशी बोलायची.

आत ती स्वयंपाकघरात खुर्चीवर होती. मासे ठेवले. तिनं माझी बाही धरली.

"मला खरं सांग. त्यांना काही झालंय का? हात लुळा पडलाय?"

मी मान हलवली.

"मग गिटार पलंगाखाली का? ते विचारल्यावर पाटीवर लिहून देतात, 'कंटाळा आला.' मिस्टर प्रुएटना कंटाळा? त्यांना माझा कंटाळा आला असेल तर तसं लिहा म्हणावं. अक्षर वाईट आहे, पण मी लावीन."

मी पाटी घेतली. शेवटी 'नाही' एवढंच लिहिलं आणि घाबरटासारखा निघून आलो.

शुक्रवारी आर्टिस दाढी करायला आला. व्हर्नेलचं बोलणं त्याला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्याला हसवायला म्हणालो, "तुझ्या बायकोला माझा ट्रक ऐकू येतो बरं का. मी दाराशी पोचायच्या आत तिनं ओळखला. तू तेवढा ऐकू येत नाहीस."

तो हसला नाही. साबण लावलेल्या गालानं तो आरशात माझ्याकडे बघत राहिला.

"बसली कुठं होती?"

"स्वयंपाकघरात. खुर्चीवर."

"खुर्ची कुठं होती?"

"भिंतीला टेकून. अरे, वस्तरा आहे, हलू नकोस!"

तो उठलाच. अर्धी दाढी झालेली, अर्धी साबणात. कोपऱ्यात माझा झाडू होता, दोनच महिन्यांपूर्वी आणलेला. तो त्यानं उचलला, मूठ न्याहाळली आणि तिथंच उभ्या उभ्या तार सोडवायला लागला. काड्या दुकानभर पसरल्या.

"आर्टिस, माझा झाडू!"

"गाडी काढ," तो म्हणाला.

तपकिरीच्या बाटल्या त्याच्या घरी होत्या. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या तपकीर ओढतात, आर्टिसची थोरली बहीण त्यांत पहिली. दुपारच्या उन्हात त्यानं स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला खिळे ठोकायला सुरुवात केली. पहिल्याच घावाला व्हर्नेल बाहेर आली.

"कोण माझी भिंत पाडतंय? अहो! आणि हे तोंड काय करून घेतलंय?"

अर्ध्या दाढीच्या आर्टिसनं तिच्या दोन्ही खांद्यांना धरलं, वळवलं आणि आत ढकललं. मला म्हणाला, "जा तिच्याबरोबर. खुर्चीवर बसवू नकोस. पाठ लाव तिची."

मी तिला भिंतीशी नेलं. शेगडीवर पावटे रटरटत होते, मक्याचा पाव नुकताच बाहेर काढलेला होता. ती कुरकुरत टेकली.

बाहेर तार छेडली गेली. फळ्या घुमल्या. मला ऐकू आलं, तिला नाही. पण तिची कुरकुर थांबली. मग बाटली निघाली. खालून, सावकाश, वाटेत विचारपूस करत. व्हर्नेलनं डोकंही मागे टेकवलं आणि दोन्ही तळहात फळ्यांवर पसरले. मला वाटलं, आता ही रडणार. मी खिशात रुमाल शोधू लागलो.

बाहेर आर्टिस गायला लागला, तिच्यासाठी नव्हे, सवयीनं. ओळीतला शेवटचा शब्द त्यानं तारेवर सोडला. बाटली वर वर गेली, मुक्कामाला पोचली आणि थरथरली.

व्हर्नेलच्या कपाळाला आठी पडली. तिनं हात मागे नेला आणि पेरानं फळीवर दोन ठोके मारले. टक टक.

बाहेर तार थांबली. मी खिडकीतून डोकावलो. आर्टिसनं कपाळ भिंतीला टेकवलं होतं, साबण फळीला लागत होता. मग त्यानं हात उचलला. बाटली पुन्हा वर गेली आणि केसभर खाली येऊन थांबली.

"अजून घाईच आहे," व्हर्नेल अख्ख्या गल्लीला सांगत म्हणाली. पाठ मात्र तिनं भिंतीवरून काढली नाही. "हर्शेल, ताटं तूच घे. भूक लागलीय त्यांना."