शिवलेला खिसा

"अहो, शर्ट तर धड आहे. शिवू काय?" मशीनवर बसलेल्या बायकोने विचारलं.

"खिशाचं तोंड. लाच घेऊ नये म्हणून वरून आदेश आलाय. खिडकीवर बसणाऱ्या सगळ्यांचे खिसे बंद."

"तुमचासुद्धा?"

"सगळ्यांत मी आलोच ना!"

ते दाखले देणारे कारकून. एकतीस वर्षांत कुणाच्या चहाचेही मिंधे झाले नाहीत. कचेरीत त्यांना 'कोरडेसाहेब' म्हणत, त्यात कौतुक कमी आणि टिंगल जास्त. निवृत्तीला दोन महिने उरले होते. नाव राखून घरी जावं, एवढीच त्यांची इच्छा.

त्यांच्या खिशात ऐवज एकच, एक काडी दोऱ्याने बांधलेला जुना चष्मा. अर्जावरची बारीक अक्षरं दिसत नसली की म्हातारी माणसं तो हक्काने मागून घेत आणि सही करून परत देत. खिसा शिवल्यावर चष्मा ड्रॉवरमध्ये गेला.

आठवड्याने एक आजोबा आले. साहेबांचा चष्मा लावून त्यांनी सही केली. दुसऱ्याची वस्तू, काचेला चरा पडायला नको म्हणून आपल्या रुमालात नीट गुंडाळली आणि खिडकीच्या काचेखालून आत सरकवली. कोरडेसाहेबांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. डोक्यावरच्या नव्या कॅमेऱ्याने पुरचुंडी टिपली होती.

चौकशी करणारी बाई मुलीच्या वयाची होती. "काका, आत चष्माच होता हे मला पटतंय हो. पण यात पुरचुंडी दिसते, आतलं दिसत नाही. ते आजोबा कोण, कुठले?"

"नाव नाही विचारलं. अर्ज शेजारच्या खिडकीचा, माझ्याकडे फक्त चष्मा मागायला आले होते."

शेवटचे दोन महिने त्यांना जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. निरोपसमारंभ झाला नाही. निवृत्तीनंतर पत्र आलं, 'पुराव्याअभावी प्रकरण बंद.'

"बघा, सुटलात!" बायको म्हणाली.

"अगं, पुराव्याअभावी. म्हणजे खाल्ले असतील, सापडले नाहीत." त्यांना रडू फुटलं. एकतीस वर्षांत बायकोने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

ती उठून ब्लेड घेऊन आली आणि त्यांच्या अंगावरच्या शर्टाच्या खिशाची शिवण उसवू लागली.

त्यांनी तिचा हात धरला. "राहू दे. लोक म्हणतील, नोकरी संपली आणि लगेच खिसा उघडला."

दुसऱ्या हातात चष्मा होता. सवयीने तो छातीशी गेला, बंद खिशावर अडला आणि तिथेच थांबला.