मवाळ

“आजोबा, मुलीला तुम्ही मांडीवर घेऊन धरा,” लशीची सुई भरत डॉक्टर चारुता म्हणाल्या.

“तेंका नको. मीच धरतंय,” म्हणत माझ्या सुनेने, अपेक्षाने, माझ्या नातीला, तन्वीला, आणखी जवळ ओढलं.

वर्ष झालं, ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिचं काही चुकत नाही.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी तीस वर्षं माकडं सांभाळली. काविळीचा विषाणू टोचला की माकड खाणं टाकायचं, कोपऱ्यात बसायचं. मग तोच विषाणू बाटलीतल्या पेशींवर पुन्हापुन्हा वाढवत नेला. तिसाव्या-चाळिसाव्या खेपेचा टोचला, तर माकडं खुशाल उड्या मारत शेंगदाणे मागू लागली. सुट्टीत गावी कुणकेश्वरला आलो की मी हे चारचौघांत मिरवून सांगायचो.

गेल्या आंब्याच्या हंगामात माझ्या मुलाचे, गुरुप्रसादचे, डोळे पिवळे झाले. अपेक्षा इस्पितळात न्यायला निघाली, तर मीच शहाणपणा केला. “घाबरा नको गो. कावीळ आता मवाळ झालीसा. माकडांका मी माझ्या डोळ्यांनी बघलंय.” आणि त्याच्या गळ्यात काड्यांची माळ घातली. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात. माळ बेंबीपर्यंत आली. दहाव्या दिवशी त्याने तन्वीलाही ओळखलं नाही. इस्पितळात नेलं, पण फार उशीर झाला होता.

मवाळ झाली होती ती बाटलीतली. आमच्या विहिरीतली होती तशीच होती. एवढं साधं मला कळू नये?

“या लशीत काविळीचाच, पण मवाळ केलेला विषाणू आहे,” डॉक्टरांनी अपेक्षाला समजावलं.

ती माझ्याकडे वळली. “तुमच्या माकडांतलो? मगे त्या माकडांचा पुढे काय झाला?”

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“आजारी पडली नाय. तरी मारूची लागली, आतून काळीज, लिवर, बघूसाठी. धरूक मीच असायचंय.”

“आरडायची?”

“नाय. माझ्या हातात गप रवायची.”

अपेक्षाने माझ्या हातांकडे पाहिलं. मग तिने तन्वीला माझ्या मांडीवर ठेवलं.

“धरा तर.”

मी कोपराखाली तळवा दिला, खांदा छातीशी टेकवला. हात काही विसरले नव्हते. सुई गेली तरी तन्वी रडली नाही.

“झाला, आजो?”

“झाला गो बाय.”

पण माझी पकड सुटेना. अपेक्षा खाली बसली आणि तिने माझं एकेक बोट हळूच सोडवलं.