तुरीत सापडलेली रोही

मित्रांनो, मी एक म्हातारी रोही आहे. पाटीवर माझं नाव नीलगाय असं लिहिलंय. नागपूरच्या प्राणिसंग्रहालयात आलात की वाघ बघायच्या घाईत तुम्ही माझ्या जाळीवरून पुढे निघून जाता.

माझा जन्म कामठीपलीकडच्या तुरीच्या शेतात झाला. पाय नुकते सावरत होते. एका सकाळी जाग आली तेव्हा आई जवळ नव्हती. तेवढ्यात शेताची मालकीण मनकर्णाबाई आली आणि तिने मला पदरात गुंडाळून घरी नेलं.

"रोह्याचं पिल्लू काहून आणलं वं? उद्या आपलंच पीक खाईन," तिचा नवरा चंपतराव म्हणाला.

"एकटंच पडून राहिलं होतं, अजी. कुत्र्यायनं फाडलं असतं त्याले."

तिने मला बाटलीने बकरीचं दूध पाजलं. मी तिच्या मागे मागे हिंडू लागले. पुढे वनखात्याची गाडी आली. रानातला प्राणी घरात ठेवता येत नाही, आणि माणसांची सवय लागलेली मी रानात टिकले नसते. म्हणून मला इथे आणलं.

मनकर्णाबाई मला भेटायला यायची. तिची हाक ऐकली की मी जाळीकडे धावायचे. एकदा ती चंपतराव आणि नात हर्षा यांना घेऊन आली. इथल्या प्राण्यांच्या डॉक्टर सोनिका माझा सुजलेला पाय तपासत होत्या.

"आजी, हिची आई कुठं आहे?" हर्षाने विचारलं.

"टाकून गेली होती, बेटा. म्हणून तं मी उचललं हिले."

"टाकून नसेल गेली, मावशी," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "रोही पिल्लाला लपवून चरायला जाते. दूध पाजायला परत येते."

मनकर्णाबाईने जाळी घट्ट धरली.

"म्हणजे ते वापस आली असन? अन् पिल्लू नाही दिसलं तं शोधत फिरली असन?"

डॉक्टर खाली वाकून पुन्हा माझा पाय तपासू लागल्या.

"चाल वं, ऑटो भेटणार नाही मंग," चंपतराव म्हणाला. ती गेली. जाताना तिने मला हाक मारली नाही.

मग बरेच दिवस कुणी आलं नाही. हर्षा आली तेव्हा ती बापाबरोबर होती. जाळीला तोंड लावून म्हणाली, "आजी नाही येत आता. तुझ्याकडं पाहिलं की रडते."

मला मनकर्णाबाईचा राग नाही, मित्रांनो. तिने दुसऱ्या कुणाला एवढं जपलं नसेल. पण शेतात, रानात असं एखादं पिल्लू निपचित बसलेलं दिसलं, तर हात लावू नका. जखमी वाटलं तर वनखात्याला कळवा. नाहीतर पाय न वाजवता मागे फिरा आणि दूर जा. तुम्ही तिथे उभे असेपर्यंत त्याची आई जवळ येणार नाही.